उरलेला रंग

दिवाळी जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत रंगाच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती खरवडल्या जातात, भेगांत लांबी भरली जाते, शिड्या उभ्या राहतात आणि आठ-दहा दिवसांत घराला नवे रूप येते. शेजारीपाजारी येतात, भिंतीवरून हात फिरवतात, रंगाची वाखाणणी करतात. परंतु जिन्याखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलेल्या एका डब्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. त्या डब्याच्या तळाशी शेर-दोन शेर रंग उरलेला असतो. शेजारी थिनरची अर्धी बाटली असते, कडक झालेले दोन ब्रश असतात आणि रंगाने माखलेली चिंधी असते. पुढे सणाची आवराआवर करताना घरातील कोणीतरी तो डबा उचलतो आणि नालीत उपडा करतो. पाण्याचा एक तांब्या मागून ओतला की नाली पुन्हा पूर्वीसारखी दिसते, आणि घर स्वच्छ झाले असे सर्वांना वाटते.

हे करणारा मनुष्य दुष्ट नसतो. आजोबा-पणजोबांनी जे केले तेच तो करीत असतो. घर रंगवणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जमीन शेणाने सारवावी, भिंतींना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात द्यावा, चुना अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालावी, जोत्याला आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावावा, अशी जुनी रीत होती. काम झाल्यावर मडक्यात उरलेला गेरू अंगणात ओतला, तरी कोणाचे काही बिघडत नसे. गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली तांबडी माती. ती मातीतून आली आणि मातीत गेली. चुन्याचेही तसेच. भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि ज्या चुनखडीपासून तो झाला, तिचेच रूप पुन्हा धारण करतो. उरलेले टाकून देण्यात काही वावगे आहे, असा विचार मनात येण्याचे कारणच नव्हते. पुढे भिंतीवरचा रंग बदलला. टाकण्याची सवय मात्र होती तशीच राहिली.

जुने ते सारे निर्दोष होते, असे मात्र समजू नये. सुतार आणि रंगारी ज्याला सफेता म्हणत, तो शिशापासून केलेला पांढरा रंग असे. आणि शेंदूर हे तर शिशाचेच एक ऑक्साइड आहे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना शेंदराचा हात देत असत. शिसे पोटात गेले किंवा त्याची धूळ श्वासावाटे आत गेली, तर शरीराला अपाय होतो. लहान मुलांच्या मेंदूला तर तो कायमचा होऊ शकतो. किती शिसे चालेल, याची सुरक्षित अशी मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत सरकारने 2016 साली घरगुती रंगांसाठी नियम केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसे असलेला घरगुती रंग करण्यास व विकण्यास बंदी घातली. म्हणून त्या तारखेपूर्वीचा एखादा डबा माळ्यावर पडून असेल, तर तो अधिक संशयाने पाहावा हे बरे. जुन्या दाराखिडक्यांचा रंग कोरडा खरवडण्यापूर्वी तो ओला करावा, खोलीत मुलांना येऊ देऊ नये आणि पडलेले पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. केरसुणीने झाडू नयेत, कारण झाडण्याने धूळ उडते.

आता आजच्या डब्यात काय असते ते पाहू गेले, तर मुख्यतः दोन प्रकार आढळतात. भिंतींचे डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट पाण्यात कालवलेले असते. दारे, खिडक्या व कठडे यांना लावायचा ऑइल पेंट टर्पेंटाइन किंवा थिनरमध्ये कालवलेला असतो. पाण्याच्या रंगातील पाणी उडून गेले की बारीक प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. त्या रंगाला बुरशी येऊ नये म्हणून बुरशीनाशक द्रव्येही घातलेली असतात. तेली रंग वाळतो तो दोन टप्प्यांनी. प्रथम थिनर उडून जातो. मग मागे राहिलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. या संयोगात उष्णता निर्माण होते. भिंतीवरच्या पातळ थरातून ती सहज निघून जाते, पण जवसाच्या तेलाने किंवा तेली वार्निशाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आतच कोंडते, आणि कोणी काडी न लावता त्या चिंध्या पेट घेऊ शकतात. ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. परंतु उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करणारा जाणता कारागीर अशी चिंधी पसरून वाळत घालतो, तिचा बोळा करीत नाही.

नालीत ओतलेला रंग कोठे जातो? या तीन शहरांपुरते याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात वालधुनी नावाची लहान नदी उगम पावते. शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 साली, शिलाहार राजांच्या काळात ज्याचे बांधकाम झाले ते शिवमंदिर याच नदीच्या काठी उभे आहे. मंदिरापुढून निघून ती उल्हासनगराच्या वस्तीतून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या कित्येक नाल्या तिच्यातच रिकाम्या होतात. कारखान्यांचे सांडपाणी, जीन्सचे कापड धुण्याचे निळे पाणी आणि घरोघरीचा मैला पोटात घेऊन या नदीची दशा काय झाली, ते रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून नाकाला रुमाल लावणाऱ्या प्रवाशांना सांगावे लागत नाही. बदलापूरच्या नाल्या मात्र थेट उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतात. खंडाळ्याच्या घाटातून निघून कर्जत, नेरळ करीत येणारी ही नदी बदलापूरच्या खाली जाते आणि जांभूळ, मोहने, शहाड येथे तिचेच पाणी पिण्यासाठी उचलले जाते. म्हणजे बदलापुरातील एखाद्या घराने नालीत ओतलेला रंग खालच्या शहराच्या पाण्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र गाळ खाली बसवते आणि क्लोरीन रोगजंतू मारते. विरघळलेल्या थिनरसाठी आणि शिशासाठी ती व्यवस्था केलेली नसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. लोक म्हणतात, "कारखाने टँकरच्या टँकर ओततात, तेव्हा आमच्या अर्ध्या डब्याचा हिशेब कशाला?" टँकरची गोष्ट खोटी नाही. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वडोलगावाजवळ रात्रीच्या वेळी रासायनिक द्रव्य पाण्यात सोडण्यात आले, आणि त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांचा श्वास कोंडला. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा कृत्याची आणि घरातील रंगाच्या डब्याची बरोबरी होऊ शकत नाही. एक गुन्हा आहे, दुसरे अज्ञान. टँकर रिकामा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. घरातील डब्याकडे बोट दाखवून त्याला सुटू देणे हा शुद्ध अन्याय होईल.

तथापि थोडे गणितही करून पाहावे. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5,06,098, अंबरनाथची 2,53,475 आणि बदलापूरची 1,74,226 होती. तिन्हींची बेरीज नऊ लाखांहून अधिक होते. पाच माणसांचे एक घर धरले, तर पावणेदोन लाखांहून अधिक घरे झाली. त्यांतील दहांपैकी एकाच घराने वर्षाकाठी एक लिटर रंग किंवा थिनर नालीत ओतला असे धरले, तरी अठरा हजार लिटरांहून अधिक होतो. हाही एक मोठा टँकरच आहे. तो एका रात्रीत येत नाही, तांब्या-तांब्याने येतो, आणि म्हणून त्याच्या चालकाला कोणी पकडू शकत नाही, एवढाच काय तो भेद.

नालीपेक्षा घंटागाडी बरी, असे समजून काही जण अर्धा भरलेला डबा तसाच कचऱ्यात टाकतात. त्याने नदी तात्पुरती वाचते, पण माणसे वाचत नाहीत. गाडीत कचरा दाबला गेला की झाकण निघते आणि रंग सफाई कामगाराच्या अंगावर उडतो. तो हातमोजे घालून असेलच, अशी खात्री कोण देईल? पुढे कचराभूमीवर भंगार वेचणारे येतात. पत्र्याच्या डब्याला पैसे मिळतात, म्हणून ते तो उघडतात, आतला रंग जमिनीवर ओतून देतात आणि डबा पोत्यात घालतात. वेचणाऱ्यांत कधी कधी शाळेत असावयास हवी अशी मुलेही असतात. उन्हाळ्यात कचऱ्याने पेट घेतला की रंग आणि थिनर जळून जो धूर होतो, तो कचराभूमीच्या कडेला राहणाऱ्यांच्या घरांत शिरतो. आपल्या घरची भिंत सुंदर करण्याची किंमत अशी दुसऱ्याच कोणीतरी मोजावी, हे न्यायाला धरून नाही.

मग करावे काय? सर्वांत उत्तम उपाय दुकानातच सुरू होतो, आणि त्याला पाचवी-सहावीचे गणित पुरते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली घ्या. चार भिंतींची परिमिती 44 फूट. उंचीने गुणले की 396 चौरस फूट. सात फूट बाय तीन फुटांचे दार आणि चार फूट बाय चार फुटांची खिडकी वजा केली की 359 राहतात. एक लिटर रंगात दोन हात देऊन किती चौरस फूट भिंत होते, ते डब्यावर किंवा दुकानदाराजवळच्या पत्रकात दिलेले असते. ते 60 आहे असे धरले, तर सहा लिटर रंग पुरे झाला. चारचा एक आणि एक-एकचे दोन डबे आणले की काम भागते. याउलट सोय म्हणून दहा लिटरांची बादली आणली, तर चार लिटर रंग उरणार हे आधीच ठरलेले आहे. बादली लिटरमागे स्वस्त पडते हे खरे. पण उरलेला रंग नालीतच जायचा असेल, तर ती स्वस्ताई कसली? काही डब्यांत रंगाऱ्यांसाठी पैशांची चकती घातलेली असते, तिच्यामुळेही एखादा डबा अधिक मागवला जातो. त्याचा दोष रंगाऱ्याला देण्यापूर्वी त्याला त्याची मजुरी पुरेशी मिळते की नाही, हे घरमालकाने स्वतःला विचारावे.

एवढे करूनही थोडा रंग उरतोच, आणि थोडा ठेवलेला चांगलाही असतो. वर्षाने भिंतीला ओरखडा पडला की तोच उपयोगी पडतो. झाकण घट्ट बसवावे, डब्यावर खोलीचे नाव आणि साल लिहावे, आणि चुलीपासून व गॅसपासून दूर ठेवावा. या तीन शहरांत आणखी एक खबरदारी हवी. 26 जुलै 2005 रोजी आणि पुन्हा 2019 च्या जुलैत, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली त्या वेळी, उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले होते. तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेला डबा अशा पुरात तरंगत जातो आणि झाकण निघाले की सगळा गाळ रंगाचा होतो. डब्याची जागा उंच फळीवरच असावी.

चार भिंती एका घरच्या संपल्या म्हणून रंगाचा उपयोग संपत नाही. शेजारच्या घराचा जिना, चाळीचा कठडा, गणेशोत्सव मंडळाचा मांडव, अंगणवाडीची भिंत, शाळेचे फळे आणि बाके यांना रंगाची गरज असतेच. दोन-तीन घरांचे पांढरे डिस्टेंपर एकत्र करून एखाद्या व्हरांड्याला पहिला हात देता येतो. मात्र पाण्याचा रंग आणि तेली रंग एकमेकांत मिसळू नयेत; दोन्ही फाटतात आणि दोन्ही वाया जातात.

कोणालाच नको असलेला, थोडासा पाण्याचा रंग घट्ट करून टाकता येतो. मोठ्या माणसाने हे काम उघड्यावर करावे. डब्यात लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा थोडे सिमेंट घालून ढवळावे आणि झाकण उघडे ठेवून तीन-चार दिवस उन्हात ठेवावे. लाकडाचा भुसा उल्हासनगरात मागितला तर कोणताही फर्निचरवाला देईल. रंगाचा दगड झाला की तो नालीत वाहून जाणार नाही आणि कोणाच्या अंगावर उडणार नाही. तेली रंगाला हा उपाय करू नये. तेल आणि भुसा एकत्र आले की आगीचे भय असते. तो झाकण बंद करूनच ठेवावा आणि वेगळा म्हणून द्यावा. ब्रश धुतलेले थिनर बाटलीत बंद करून ठेवले, तर दोन दिवसांनी रंग तळाशी बसतो. वरचे स्वच्छ थिनर पुन्हा वापरता येते. मुलांनी थिनरच्या बाटलीला हात लावू नये. तिचा वाससुद्धा घेऊ नये. रिकामी झालेली वीस लिटरांची प्लास्टिकची बादली फुलझाड लावण्यास चांगली. तीत पिण्याचे पाणी, तांदूळ किंवा पीठ भरण्याची जी पद्धत पुष्कळ घरांत दिसते, ती मोडली पाहिजे.

येथवरची जबाबदारी घराची. परंतु सारा भार घरावर टाकून नगरपालिकांना मोकळे सोडणे योग्य नव्हे. 2016 च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकलेले डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे व पाऱ्याचे फुटके तापमापक यांना घरगुती धोकादायक कचरा असे नाव दिले आणि तो ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवण्यास सांगितले. तो स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्राला अथवा त्याच्या भागाला एक केंद्र असावे, असेही त्यांत म्हटले होते. 1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार वर्ग आहेत आणि रंगाचे डबे विशेष काळजीच्या कचऱ्यात येतात. नियम चांगले आहेत. पण गृहस्थाने डबा वेगळा ठेवला आणि घंटागाडीने तो घेऊन पुन्हा त्याच ढिगात टाकला, तर वेगळा ठेवण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? धोकादायक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय तळोज्याला आहे, ती या शहरांपासून फार दूर नाही. घरांतील डबे एकत्र करून योग्य जागी पोचवणे हे कोणा एका कुटुंबाचे काम नव्हे. ते नगरपालिकेनेच करावयाचे.

रंग तयार करणाऱ्यांनाही यातून वगळू नये. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 2009 साली कायदा केला, आणि 2010 पासून तेथे डब्याच्या किमतीत एक लहानशी रक्कम धरली जाते. त्या पैशातून उरलेला रंग दुकानांवर परत घेतला जातो, चांगला असेल तो पुन्हा वापरला जातो. ज्या दुकानातून डबा आणला, त्याच दुकानात तो परत नेऊन देणे याहून सोपी गोष्ट कोणती? येथे पत्र्याचा आणि प्लास्टिकचा तुकडाही भंगारवाला तोलून नेतो. परत देण्याची सवय या समाजाला शिकवावी लागणार नाही.

तोपर्यंत विद्यार्थ्यांना एक काम करता येण्यासारखे आहे. आपल्या शहराचे क्षेत्रफळ किती, हे नगरपालिकेच्या कचेरीत सहज कळते. त्याला वीसने भागावे. बाकी उरली तर उत्तरात एक मिळवावा. 2016 च्या नियमांच्या मापाने तितकी केंद्रे शहरात असावयास हवी होती. ती कोठे आहेत आणि कोणत्या वारी उघडी असतात, हे आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारावे. पत्र कसे लिहावे, हे याच वर्षी वर्गात शिकवलेले असेल.